गावात मानसिक आरोग्याची जागृती कशी करावी? पोस्टर लावू की व्याख्यान ठेवू?

मी गावपातळीवर आरोग्याचं काम करते, जे बघितलंय ते सांगते. व्याख्यान ठेवा, पण नंतर. डिप्रेशन म्हटलं की लोकांना वाटतं हे वेड लागलेल्यांचं काहीतरी आहे, आपलं नाही. तेच झोप लागते का, डोकं सारखं दुखतं का, जेवण जातं का असं विचारलं की बोलायला लागतात. एकदा बैठक संपवून आम्ही सतरंजी गुंडाळत होतो, सगळे गेले तरी एक ताई तिथंच घुटमळत होत्या, मग हळूच म्हणाल्या, झोपेची गोळी मिळेल का, शेजारणीला पाहिजे. शेजारीण कोण ते आम्ही विचारलं नाही, फक्त विचारलं कधीपासून झोप नाही तिला, आणि थोड्या वेळाने त्या स्वतःबद्दलच बोलत होत्या.

म्हणून माझं म्हणणं, ज्यांच्याकडे लोक आधीच मन मोकळं करतात त्यांनाच शिकवा. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हेच केलं, दवाखान्याच्या आवारात बाकडं टाकलं आणि आज्यांना ऐकून घ्यायचं, अडचणीतून वाट काढायला मदत करायची ट्रेनिंग दिली. २०१६ मध्ये त्याचा अभ्यास छापून आला, सहा महिन्यांनी बाकड्यावर आलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं उरली होती आणि नेहमीची सेवा मिळालेल्यांत ५० टक्के. हे हरारे शहरात झालं खरं, पण मला तर वाटतं खेड्यात हे जास्तच लागू पडेल.

खेड्यातली खरी अडचण म्हणजे कोणाची गाडी कुठल्या दवाखान्यासमोर उभी होती हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. त्यामुळे मनाच्या आजाराचं वेगळं शिबिर घेऊ नका, बीपी-शुगरच्या तपासणीतच त्याच खोलीत विचारा म्हणजे कोण कशासाठी आलंय ते कळत नाही. आणि जागृतीच्या आधी हे पक्कं करा की पुढे पाठवायचं कुठे, डॉक्टर कोण, कुठल्या दिवशी भेटतात, कारण माणूस हिंमत करून बोलला आणि पुढे काहीच झालं नाही तर तो परत तोंड उघडत नाही हो.

आत्महत्येबद्दल सरळ विचारा, विचारल्याने डोक्यात विचार भरतो हा गैरसमज आहे. घरात कीटकनाशक असेल तर ते कुलपात किंवा दुसऱ्याकडे ठेवायला सांगा, श्रीलंकेत १९९५ पासून सगळ्यात विषारी औषधांवर बंदी आणली आणि पुढच्या दहा वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं, म्हणजे हाताशी विष नसणं याने जीव वाचतात.

अजून एक, नैराश्याच्या गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, लोक आठवड्यातच काही फरक नाही म्हणून बंद करतात, तर हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा आणि मधे एकदा घरी चक्कर मारा.