खाऊगल्ली: तुमचे प्रश्न

प्रश्न: पुण्यात एकाच दिवसात बेकरी, बर्गर आणि मस्तानी (वर आइस्क्रीम घातलेला दाट मिल्कशेक) उरकायचीय. क्रम कसा ठेवावा?

उत्तर: सकाळी कॅम्प. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी (१९५५ची) दुपारी बंद असते, म्हणून अकराच्या आत गाठा. श्रूसबेरी बिस्किटं घरी न्या. तिथं मावा केक खा, दोघांत एकच! बर्गर जवळपासच्या गल्ल्यांत मिळेल, पण पार्सल नको. वाफ कोंडून पाव खालून भिजतो आणि टिक्की घसरते. सदाशिव पेठेतली मस्तानी पाचनंतर, पोट रिकामं झाल्यावर. हापूसच्या हंगामात आंब्याचीच मागवा. वरचा आइस्क्रीमचा गोळा आधी निम्मा खा. लगेच ढवळलात तर मिल्कशेक आणखी गार होतो आणि आंब्याची चव दबते. गोळा पूर्ण वितळू देऊ नका, दाटपणा जातो.