चिनी नववर्षाची तारीख दरवर्षी का बदलते? त्यांचं कॅलेंडर पूर्ण चांद्र आहे का?

पूर्ण चांद्र नाही. आपल्यासारखंच चांद्र-सौर आहे, म्हणजे महिने चंद्राचे, पण वर्ष सूर्याशी जुळवलेलं. ज्याला आपला अधिक महिना कळतो त्याला हे कळायला अर्धा तास पुरतो. ठासून सांगतोय, कारण या एका तारखेपायी आमचं जुनं गिऱ्हाईक हातचं गेलं.

भोसरीत आमचं लहानसं वर्कशॉप आहे, सुटे भाग चीनमधल्या निंगबोहून येतात. 2024 ला चिनी नववर्ष 10 फेब्रुवारीला होतं. भागीदाराने पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरवरही 10 फेब्रुवारीलाच लाल गोल केला आणि डिसेंबरअखेर निवांत ऑर्डर दिली. मी म्हणत होतो, पौष अमावास्या बघ, 29 जानेवारीला आहे. "पंचांगावर धंदा होत नसतो," म्हणाला. नववर्ष 29 जानेवारीलाच निघालं. कारखान्यातले कामगार दहा दिवस आधीच गावी गेले, आणि बरेचसे पहिल्या महिन्याची पौर्णिमा, म्हणजे 12 फेब्रुवारी, उलटल्यावर परतले. माल न्हावाशेव्याला लागला तेव्हा एप्रिल उजाडला होता.

त्यानंतर त्याचा नवा हिशोब: "दरवर्षी अकरा-बारा दिवस मागे येतं, म्हणजे 2026 ला 18 जानेवारी." साफ चूक. तसं हिजरीचं, म्हणजे मुसलमानी पूर्ण चांद्र कॅलेंडरचं, होतं. 2025 मध्ये चिनी सहावा महिना दोनदा आला, म्हणून 2026 चं नववर्ष एकदम 17 फेब्रुवारीला गेलं. ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही तो अधिक, हा नियम दोन्हीकडे आहे. त्यांची गणना सायन (राशी ऋतूंवरून मोजलेल्या), आपली निरयन (राशी ताऱ्यांवरून मोजलेल्या), म्हणून आपला अधिक ज्येष्ठ 2026 मध्ये. शिवाय आपला अधिक महिना त्याच नावाच्या निज (नेहमीच्या) महिन्याच्या आधी येतो, त्यांचा नंतर.

तुम्हाला तारीखच हवी असेल तर 21-22 डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवसानंतरची दुसरी अमावास्या धरा. 2027 ला ती 6 फेब्रुवारीला आहे. माल मागवत असाल तर ऑर्डर दिवाळीआधी गेलीच पाहिजे, आणि भागीदार ऐकत नसेल तर त्याच्यासमोर पंचांग उघडून ठेवा. मी तेव्हा नुसतं बोललो, उघडून दाखवलं नाही, ही माझी चूक.

हां, अमावास्या ते बीजिंगच्या वेळेने धरतात आणि त्यांचा दिवस मध्यरात्री बदलतो, आपल्या पंचांगाचा सूर्योदयाला, त्यामुळे आपल्या पंचांगाशी एका दिवसाचा फरक पडू शकतो; 2024 ला पडला होता. आणि 2034 मध्ये दुसरी नाही, तिसरी अमावास्या आहे.