पळायचं नाही, मग पार्करनला जाऊन करायचं काय?

प्रश्न : ताई नमस्कार, माझी मुलगी दर शनिवारी सकाळी पार्करनला, म्हणजे बागेतल्या ५ किलोमीटरच्या फुकटच्या रनला जाते आणि मी तिचं जॅकेट सांभाळत बाकावर बसते. गुडघ्यांमुळे पळणं तर सोडाच, जास्त वेळ उभंही राहवत नाही. ती म्हणते आई, नुसती बसतेस त्यापेक्षा व्हॉलंटियर हो. पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. माझा खरंच काही उपयोग होईल, की आपलं मन राखायला काहीतरी काम देतील?

उत्तर : मन राखायला कोण देतंय हो, तिथे दर आठवड्याला माणसं कमीच पडतात! आणि गंमत म्हणजे हे प्रकरण सुरूच मुळी न पळणाऱ्या माणसाने केलंय. २ ऑक्टोबर २००४ ला लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्यूइट यांनी ५ किलोमीटरची पहिली रन ठेवली तेव्हा ते स्वतः दुखापतीमुळे पळू शकत नव्हते, निदान मित्र तरी भेटतील म्हणून त्यांनी हा घाट घातला. पळायला आले १३ जण. सुरुवातीच्या काळात तर कितवा आला ते दाखवणारं नंबराचं टोकन म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी वॉशर वापरायचे, म्हणजे बघा.

आता तुमच्या कामाचं. तिथे शेवटच्या रेषेपाशी घड्याळवाला प्रत्येक माणूस आला की एकदा बटण दाबतो, पुढे दोरीच्या गल्लीत आलेल्या क्रमाने एकेकाच्या हातात नंबराचं टोकन पडतं, मग स्कॅनरवाला आधी त्या माणसाचा नाव नोंदवल्यावर मिळालेला बारकोड आणि मग टोकन फोनवर स्कॅन करतो, आणि टोकन परत घेऊन बादलीत टाकतो. घड्याळाला फक्त कितव्याला किती वेळ लागला ते माहीत, तो कोण हे स्कॅनमधून कळतं, दोन्ही जुळलं की निकाल तयार. या बादलीतली टोकनं नंतर कोणीतरी १ पासून क्रमाने लावून ठेवावी लागतात, आणि हे काम बाकावर बसून होतं! पत्ते लावता येत असतील तर हे येईल. शंभरेक टोकनं लावून झाली की मधलंच ३७ नाही असं लक्षात येतं, कारण ते कोणाच्या तरी खिशातून घरी गेलंय आणि बहुतेक वॉशिंग मशीनमधून फिरून पुढच्या शनिवारी परत येईल. माझं ऐका, यापासूनच सुरुवात करा. आधी वेबसाइटवर फुकटात नाव नोंदवा आणि त्या दिवशीचं सगळं बघणाऱ्या रन डायरेक्टरला जाऊन सांगा. गुडघ्याचं पण सांगा, लाजू नका, नाहीतर उत्साहात तुम्हाला लांबच्या वळणावर मार्शल म्हणून, म्हणजे वाट दाखवायला उभं करतील आणि तिथे तासभर बसायला काही नसतं.

प्रश्न : मागच्या शनिवारी पहिल्यांदाच घड्याळ माझ्याकडे होतं. दोघं एकदम आले, मी गडबडून तीनदा बटण दाबलं आणि पुढच्या सगळ्यांच्या वेळा सरकल्या. एक काका सगळ्यांसमोर बोलले. आता परत जाऊ की नको?

उत्तर : जा! एक टॅप जास्त झाला की त्याच्यामागच्या प्रत्येकाला आपल्या पुढच्याची वेळ चिकटते, हे अगदी नेहमीचं आहे, म्हणून तर बऱ्याच ठिकाणी दोन घड्याळं ठेवतात आणि एक जण मधूनमधून कागदावर टोकन नंबर आणि त्याची वेळ लिहून ठेवतो. या नोंदींवरून नेमकी गडबड कुठे झाली ते सापडतं आणि तो जास्तीचा टॅप काढून टाकता येतो. फक्त चूक झाली की गप्प बसायचं नाही, तिथल्या तिथे ओरडून सांगायचं, "अमुक नंबरच्या आसपास एक जास्त दाबलं गेलं!" आणि भरपाई म्हणून पुढचा टॅप गाळायला अजिबात जाऊ नका, त्याने एकाच्या दोन चुका होतात.

काकांचं म्हणाल तर, पार्करन ही रेस नाहीच, तुमच्यासारखंच फुकट राबणाऱ्या माणसांनी घेतलेली वेळ आहे ती. त्यांना पुढच्या वेळी हसत हसत घड्याळ पुढे करा.

प्रश्न : टेल वॉकर म्हणजे सगळ्यात शेवटी चालायचं, मग निकालात माझं नाव तळाला येणार ना? ऑफिसमधले लोक बघतात हो.

उत्तर : येणार, आणि ते मुद्दामच तसं असतं, तुम्ही तळाला असलात की दुसऱ्या कोणावर शेवटचं यायची वेळ येत नाही. वर चालणंही मोजलं जातं आणि व्हॉलंटियरिंगही. ऑफिसवाल्यांना बोलवा एकदा, मार्शलच्या जागा रिकाम्याच असतात.