तीस वर्षांनंतरचं पाणी आणि सांडपाणी काढायला 'लोकसंख्या गुणिले दरडोई लिटर, त्याचे 80 टक्के सांडपाणी' एवढं पुरतं का?

पहिल्या अंदाजाला पुरतं, आराखड्याला नाही. मी हेच हिशेब करतो, आणि सगळ्यात जास्त घोळ त्या 80 टक्क्यांत होतो. 80 टक्के, पण कशाचे?

समजा 4 लाख लोक, दरडोई 150 लिटर. म्हणजे घरांत 60 एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) पोचायला हवं. गळती 25 टक्के असेल तर योजनेतून 80 एमएलडी सोडावं लागतं. मग कुणीतरी या 80 चे 80 टक्के काढून 64 एमएलडीचं प्रक्रिया केंद्र मांडतो. नळाला आलं त्याहून जास्त पाणी मोरीतून गेलं म्हणायचं! आकडा 60 वरून काढा, 48 येतो. जुन्या वाहिन्यांत पावसाळ्यात झिरपणारं पाणी त्यावर वेगळं धरा.

दरडोई आकडाही तीस वर्षं गोठवून ठेवू नका. अमेरिकेत बॉस्टन परिसराला पाणी पुरवणाऱ्या यंत्रणेची 1980 च्या दशकातली मागणी धरणांच्या भरवशाच्या क्षमतेपेक्षा, म्हणजे दिवसाला 30 कोटी गॅलनपेक्षा, जास्त होती. दुसऱ्या नदीचं पाणी वळवायचा विचार चालला होता. त्याऐवजी गळती काढली, कमी पाण्याचे फ्लश बसवले, आणि पुढे मागणी 20 कोटींच्या आसपास आली.

पण पाणी वाचलं म्हणून मैला कमी होत नाही, हे बहुतेक आराखड्यांत सुटतं. माणशी रोज 60 ग्रॅम बीओडी (मैला कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) धरा, 4 लाखांचा रोज 24 टन. 48 एमएलडीत त्याची तीव्रता लिटरला 500 मिलिग्रॅम. वापर 120 लिटरवर आला तर सांडपाणी 38.4 एमएलडी, तीव्रता 625. हवा पुरवणारे ब्लोअर तेवढेच लागतात. म्हणून प्रवाह (किती पाणी) आणि भार (किती घाण) हे दोन तक्ते वेगळे करा. कारखान्यांचं पाणी तर लोकसंख्येशी जोडूच नका, त्यांची यादी करून मोजा.

लोकसंख्येचं सूत्र कोणतं, यावर फार डोकं घालवू नका. सांडपाणी उताराने वाहतं, त्यामुळे एकूण आकडा चुकण्यापेक्षा वस्ती कुठल्या उताराला वाढणार हे चुकणं जास्त महाग पडतं. कमी, मध्यम, जास्त अशा तीन रेषा काढा. जागा मात्र जास्तीच्या रेषेप्रमाणे आत्ताच राखून ठेवा, नंतर मिळत नाही. पंप आणि प्रक्रियेची युनिटं टप्प्याटप्प्याने बसवा. मुख्य मलवाहिनी शेवटच्या वर्षासाठी घ्यावी लागते, पण पहिल्या वर्षीच्या कमी प्रवाहातही वेग सेकंदाला 0.6 मीटरच्या खाली जात नाही ना, ते तपासा. नाहीतर गाळ बसतो.