पीएस-२ उघडायला देण्याआधी टीव्ही बदलून बघ

भावा, तुझी पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून एवढं लांब लिहितोय. जुना पीएस-२ (सोनीचा प्लेस्टेशन-२, टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन) घेतलास, हॉलमधल्या मोठ्या एलईडीला लावलास, टोनी हॉक्स प्रो स्केटर ३ हा स्केटबोर्डचा गेम टाकलास आणि फाउंड्री या पहिल्याच लेव्हलमध्ये अडकलास. बोर्ड रेलवर चढत नाही, उडी उशिरा लागते, मॅन्युअल (दोन चाकांवर तोल सांभाळत सरकणं) तर लागतच नाही. कंट्रोलर बदलूनही तेच. आणि आता दुकानदार म्हणतोय, "मशीन ठेवून जा, लेन्स बघावी लागेल."

ठेवून जाऊ नकोस. बाकीचं पुढं वाचलं नाहीस तरी चालेल, एवढं ऐक.

लेन्सचं काम डिस्क वाचायचं. ती थकली तर गेम सुरूच होत नाही, लेव्हल लोड होता होता अडकते, गाणं तुटतं, किंवा डिस्क वाचता येत नाही म्हणून स्क्रीनवर सरळ लिहून येतं. तुझी डिस्क तर सुरळीत चालतेय. बटण दाबल्यावर माणूस उशिरा उडतो, याचा लेन्सशी काहीही संबंध नाही. जो दुकानदार हे ऐकूनही लेन्सचं नाव काढतो, त्याच्या हातात मशीन देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मत कुठून आलं ते सांगतो. आमच्या घरी जुना टीव्ही गेला, नवा सपाट आला, आणि त्याच दिवसापासून माझा आणि धाकट्या भावाचा खेळ बिघडला. कालपर्यंत डोळे झाकून लागणारी ग्राइंड (रेलवर बोर्ड घासत सरकायची ट्रिक) लागेना. टीव्ही कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्यानं मालिकेचं चॅनल लावलं, चित्र स्वच्छ दिसतंय म्हणाला आणि सही घेऊन गेला. त्याला दहा वेळा म्हटलं की चित्राची तक्रार नाही, उशिराची आहे. त्याच्या कागदावर त्यासाठी रकानाच नव्हता. मग इथल्या, सोलापुरातल्याच एका दुरुस्तीवाल्याकडं मशीन गेलं. नाव लिहीत नाही, विचारूही नका. त्यानं आमच्यासमोर डिस्क लावली नाही, टीव्ही कुठला आहे ते विचारलं नाही, वरून बघूनच "लेन्स वीक आहे" असं सांगून टाकलं. पावती दिली नाही. मग "उद्या या", "मुंबईहून पार्ट येतोय", "गड्डा यात्रेची गर्दी संपू द्या" असं चालू राहिलं.

मशीन परत आलं तेव्हा उशीर तेवढाच होता, आणि आता डिस्कही धड वाचेना. पुढं एका जाणत्या मित्रानं उघडून दाखवलं, तेव्हा कळलं काय झालं होतं. जुन्या जाड मॉडेलमध्ये लेझरच्या बाजूला दोन बारीकसे फिरवायचे पॉट (करंट कमी-जास्त करायचे स्क्रू) असतात, एक सीडीसाठी आणि एक डीव्हीडीसाठी. ते फिरवून लेझरला जास्त करंट दिला की थकलेली लेन्सही काही दिवस झकास वाचते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण त्या जास्तीच्या करंटनं लेझरचं आयुष्य भराभर संपतं. आमची लेन्स थकलेलीच नव्हती. चांगल्या लेन्सचे पॉट पिळून त्यानं ती मारली, आणि वर लेन्स बदलल्याचे पैसे घेतले.

पैशाचंही एक वेळ सोडून देतो. स्लॉटमध्ये आमचं मेमरी कार्ड राहिलं होतं. परत आलेल्या मशीनमध्ये कार्ड नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "कसलं कार्ड? मशीन असंच आलं होतं." त्या आठ एमबीच्या कार्डावर गेममधल्या पार्क एडिटरमध्ये आम्ही दोघांनी बनवलेले पार्क होते, भावानं स्वतःच्या चेहरेपट्टीचा म्हणून बनवलेला स्केटर होता. भाऊ त्यानंतर नोकरीला पुण्याला गेला. लेन्स दुसरी मिळते, मशीनसुद्धा दुसरं मिळतं. ते पार्क मिळत नाहीत. त्या माणसाला ते परत करायला काय लागलं असतं, हा प्रश्न मला अजून पडतो. म्हणून सांगतो, कुठल्याही कारणानं मशीन कुणाकडं द्यायची वेळ आलीच, तर कार्ड आधी काढून खिशात घाल. कंट्रोलरही घरीच ठेव. मशीनवरचा सिरीयल नंबर मोबाईलवर फोटो काढून ठेव आणि पावतीवर तो लिहून घे. पावती देत नसेल तर उठून ये.

आता तुझ्या दुखण्याकडं येतो. मी टेक्निशियन नाही, पीएस-२ एवढ्या वर्षांत वापरून आणि वाचून जे कळलं ते सांगतोय. चुकत असेल तिथं जाणकारांनी बोलावं.

पीएस-२चे बहुतेक गेम जे चित्र पाठवतात ते अर्धं-अर्धं येतं. आधी एकआड एक रेघा, मग मधल्या रेघा. जुना काचेचा टीव्ही सिग्नल येईल तशी रेघ मारत जातो, काही साठवून ठेवत नाही. सपाट टीव्हीला असं जमत नाही. तो दोन्ही अर्धुकं थांबवून जोडतो, मग ते चित्र ताणून आपल्या पॅनेलच्या मापाचं करतो, वर चित्रातले दाणे पुसतो, हालचाल गुळगुळीत करतो. प्रत्येक कामाला वेळ लागतो. अमेरिकी (एनटीएससी पद्धतीच्या) डिस्कवर सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतं, आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डिस्कवर पन्नास वेळा. टीव्हीनं सेकंदाचा दहावा भाग जरी खाल्ला, तरी तू पाच-सहा चित्रं मागं खेळतोयस. आणि बरेच टीव्ही आवाजही तेवढाच मागं ठेवतात, त्यामुळं कानाला काही खटकत नाही.

गाड्यांच्या गेममध्ये हे निभावून जातं, हात सवयीनं आधी वळतो. या गेममध्ये निभावत नाही. इथं उडी एक्स दाबल्यावर नसून सोडल्यावर लागते, आणि ग्राइंडला त्रिकोण रेलजवळ पोचतानाच पडावा लागतो. शिवाय १९९९च्या पहिल्या भागात कॉम्बो (सलग ट्रिकची साखळी) जमिनीवर आला की संपायचा. २००० साली दुसऱ्या भागात मॅन्युअल आलं, २००१ साली तिसऱ्यात रिव्हर्ट (रॅम्पवर टेकताना बोर्ड गर्रकन फिरवणं) आलं, आणि रॅम्पवरून उतरूनही साखळी चालू ठेवता यायला लागली. म्हणजे रॅम्पवर टेकतानाच आर२, लगेच वर-खाली करून मॅन्युअल, मग तोल सांभाळत पुढची उडी. गुण सगळ्या ट्रिकच्या बेरजेला ट्रिकच्या संख्येनं गुणून मिळतात, पडलास की सगळं शून्य. तुला तोलाचा काटा जिथं दिसतोय, तिथून तो आधीच पुढं गेलेला असतो. तू सावरायला जातोस ते उशिरा पोचतं, काटा उलट्या बाजूला जातो. तुझा हात बिघडलेला नाही, भावा.

खात्री करायची असेल तर मोबाईलवर स्लो मोशन लाव, कंट्रोलरवरचा अंगठा आणि स्क्रीन दोन्ही एका चौकटीत येतील असा धर, आणि स्टार्ट दाबून गेम थांबव. २४० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे साधारण चार मिलीसेकंद. अंगठा बसल्यापासून मेनू दिसेपर्यंत किती फ्रेम जातात ते मोज. गेमचा स्वतःचा थोडा उशीर असतोच, म्हणून हाच प्रयोग काचेच्या टीव्हीवर करून दोन्ही आकडे शेजारी मांड. दुकानदाराला हाच व्हिडिओ दाखव.

काचेचा टीव्ही आहे कुठं, असं विचारशील. माळ्यावर बघ, आत्याकडं बघ, भंगारवाल्याला सांगून ठेव. दिवाळीच्या साफसफाईत तर अशोक चौकापासून होटगी रोडपर्यंत लोक ते फुकट देतात. चौदा इंची असला तरी भरपूर झालं. मागं पिवळं भोक (पीएस-२ची चित्राची पिवळी पिन लावायला) आहे ना, आणि चित्र येतंय ना, एवढं बघून उचल. डिस्क अमेरिकेतली असेल आणि चित्र काळं-पांढरं आलं किंवा सरकत राहिलं, तर तो टीव्ही फक्त पाल घेतोय, दुसरा शोध. एक मात्र हात जोडून सांगतो, त्याचं मागचं झाकण काढू नकोस. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा करंट साठून राहतो.

काचेचा टीव्ही घरात आणायला आई तयार नसेल (आमची नव्हती), तर आहे त्या टीव्हीत गेम मोड (चित्रावरची ही कामं कमी करून उशीर घटवणारं सेटिंग) शोध. काही टीव्हीत तो एचडीएमआयलाच लागतो, पिवळ्या पिनेच्या इनपुटवर फिका दिसतो. तसं असेल तर चित्राच्या सेटिंगमधलं मोशन, नॉइज रिडक्शन, शार्पनेस वाढवणारं जे जे दिसेल ते बंद कर. टीव्हीला मागं हिरवा-निळा-लाल असा संच असेल तर कॉम्पोनंट केबल घे. चित्र कितीतरी सुधारतं, आणि रंगाचा पाल-एनटीएससी घोळही मिटतो. पण उशीर पूर्ण जाईल या भरवशावर घेऊ नकोस, कारण तुकडे जोडायचं काम टीव्हीलाच करावं लागतं. ती लावण्याआधी पीएस-२च्या सिस्टीम सेटिंगमध्ये कॉम्पोनंट आउटपुट आरजीबीवरून वायपीबीपीआरवर कर. ते राहिलं की रंग विचित्र येतात आणि लोक केबल खराब म्हणून परत पाठवतात. बाजारातले स्वस्तातले एव्ही-टू-एचडीएमआय डबे मला आवडत नाहीत. काहींनी स्वतःचाच उशीर वर घातलेला बघितलाय. तुझ्या टीव्हीवर चांगलाही चालेल, पण परत घ्यायची बोली करून आण.

तुझ्या पोस्टखाली कुणीतरी लिहिलंय की हा व्याप सोडून नवीन रीमेक खेळ. २०२० साली पहिल्या-दुसऱ्याचा आला, २०२५ साली तिसऱ्या-चौथ्याचा. छान आहेत, पण ज्याला जुनी डिस्क जुन्या मशीनवर खेळायचीय त्याला ते उत्तर नव्हे. नवीन चौथ्या भागात तर मूळची निवांत फिरून लोकांकडून कामं घ्यायची पद्धत काढून दोन मिनिटांचं घड्याळ लावलंय. माझ्या मते ते चुकलंच.

आता सुटं सुटं. सुरुवातीपासून डी-पॅडवर (चार दिशांच्या बटणांवर) शिक, अ‍ॅनालॉग काठीवर वर-खाली नीट बसत नाही. डी-पॅडची एक दिशा अडत असेल तर नवा कंट्रोलर घेण्याआधी उघडून आतले रबर आणि पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हलक्या हातानं पूस. तुझ्या घराजवळ माग किंवा टॉवेलचा कारखाना असेल तर सुताचे तंतू मागच्या पंख्यात जाऊन बसतात, आमच्याकडं नुसता थर निघायचा. ब्रशनं काढ. एप्रिल-मेच्या दुपारी मशीन बंद कपाटात ठेवून खेळू नकोस, आपल्या उन्हात ते आधीच तापलेलं असतं. आणि दुसऱ्या भागाची पीएस-१ची डिस्क पुढं मिळालीच, तर ती पीएस-२वर चालेल, पण सेव्ह होण्यासाठी पीएस-१चंच कार्ड लागतं. पीएस-२च्या कार्डावर ती खेळताना सेव्ह होत नाही, म्हणून कार्ड खराब समजून फेकू नकोस. मोठ्या क्षमतेची बिननावाची कार्डं मात्र घेऊ नकोस. आठ एमबीचं मूळ कार्ड जुनं मिळालं तरी ते घे, आणि पार्क बनवलेस की दुसऱ्या कार्डावर प्रत काढून ठेव.

टीव्हीचं मॉडेल आणि मागच्या बाजूचा फोटो टाक. गेम मोड कुठल्या इनपुटला लागतो ते बघून सांगतो.