वाचकांचे प्रश्न : अंकांच्या उदाहरणांत माहिती ‘पुरेशी’ केव्हा?

प्रश्न : मी सदाशिव पेठेतील एका अभ्यासिकेत बसून एमपीएससी आणि बँकेच्या परीक्षांची तयारी करत आहे. माहितीच्या पर्याप्ततेवरील (म्हणजे दिलेली विधाने उत्तर काढायला पुरेशी आहेत का, एवढेच ठरवायच्या) प्रश्नांत संख्येचे अंक आले की माझे उत्तर हमखास चुकते. ‘दोन अंकी संख्या कोणती?’ या प्रश्नाखाली पुढील विधाने होती : (१) ती संख्या तिच्या अंकांच्या बेरजेच्या सहापट आहे. (२) तिचा दशकस्थानचा अंक एककस्थानच्या अंकापेक्षा १ ने मोठा आहे. अज्ञात अंक दोन असल्याने मी ‘दोन्ही विधाने एकत्र आवश्यक’ हा पर्याय निवडला. उत्तरतालिकेत मात्र ‘फक्त विधान १ पुरेसे’ असे आहे. दुसऱ्या एका प्रश्नात (१) दशकस्थानचा अंक ४ ने मोठा आहे आणि (२) अंकांची अदलाबदल केल्यास संख्या ३६ ने कमी होते, अशी दोन समीकरणे मिळूनही उत्तर ‘दोन्ही विधाने अपुरी’ असे दिले आहे. तालिका चुकली आहे का?

— एक वाचक, पुणे

उत्तर : तालिका दोन्ही ठिकाणी बरोबर आहे. ‘दोन अज्ञात पदांसाठी दोन समीकरणे हवीत’ हा शाळेत पक्का झालेला नियम आपण येथे लावला. पण त्या नियमात अज्ञात पदाची किंमत अपूर्णांक, ऋण, काहीही असू शकते, तर अंक हा ० ते ९ मधीलच असावा लागतो आणि पहिला अंक शून्य चालत नाही. दोन अंकी संख्या सगळ्या मिळून ९०च आहेत. म्हणून समीकरणे किती झाली हे न मोजता, विधानात बसणाऱ्या संख्या किती उरल्या ते मोजावे. एकच उरली तर विधान पुरेसे, दोन उरल्या तरी अपुरे.

दशकस्थानी क आणि एककस्थानी ख मानल्यास संख्या १०क + ख होते. पहिल्या विधानानुसार १०क + ख = ६क + ६ख, म्हणजेच ४क = ५ख. आता ४ आणि ५ यांना सामाईक विभाजक नसल्याने क ला ५ ने भाग जायलाच हवा, आणि तो शून्य नसल्याने ५ च असणार; मग ख = ४ आणि संख्या ५४. दुसऱ्या विधानाची येथे गरजच उरत नाही. ते एकटे घेतले तर १०, २१, ३२ असे करत ९८ पर्यंत नऊ संख्या त्यात बसतात.

याच विधानात ‘सहापट’च्या जागी दुसरे शब्द घालून पाहा. दुप्पट घेतल्यास फक्त १८, तिप्पट २७, पाचपट ४५, आठपट ७२ आणि नऊपट ८१ मिळते. प्रत्येक वेळी एकच संख्या. परंतु चारपट म्हटले की ख = २क एवढेच हाती लागते आणि १२, २४, ३६, ४८ या चारही संख्या चालतात. सातपटीचेही तसेच : २१, ४२, ६३, ८४. वाक्यरचना तीच ठेवून एका शब्दाने उत्तर फिरवता येते आणि प्रश्न काढणारे नेमका याचाच फायदा घेतात. सूत्रांची यादी पाठ करण्यापेक्षा हा तक्ता कच्च्या कागदावर एकदा स्वतः मांडून पाहणे अधिक उपयोगाचे आहे, असे आमचे मत आहे. त्याच ओघात ‘संख्या अंकांच्या गुणाकाराच्या दुप्पट आहे’ हेही तपासा. क च्या जागी १ ते ९ घालत गेलात की ३६ खेरीज काही सापडत नाही.

आता दुसरे उदाहरण. (१०क + ख) मधून (१०ख + क) वजा केल्यास ९(क − ख) उरते; ते ३६ असेल तर क − ख = ४. म्हणजे दुसऱ्या विधानाने नवीन काहीच सांगितले नाही, पहिलेच विधान वेश बदलून आले. ५१, ६२, ७३, ८४, ९५ या संख्या दोन्ही विधानांत बसतात. ४० उलटवल्यावर ०४ होते, ते मोजायचे की नाही यावर वाद घालता येईल, पण निकाल बदलत नाही. अंकांचा क्रम बदलून केलेली वजाबाकी नेहमी ९ च्या पटीत येते. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे देवळालीला शिक्षक असलेले गणिती द. रा. कापरेकर यांची ६१७४ ही संख्या प्रसिद्ध आहे; सगळे अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिले की शेवटी ती मिळते. तिलाही ९ ने भाग जातो, तो याच कारणाने. असो.

विधान २ तपासताना विधान १ हाताने झाकून ठेवावे, ही सूचना बाळबोध वाटली तरी पाळावी. पहिल्या विधानातून मिळालेले ५४ डोक्यात राहिले की दुसरे विधानही पुरेसे वाटू लागते.

प्रश्न : ‘संख्या ९ ने विभाज्य आहे का?’ विधान : तिच्या अंकांची बेरीज २४ आहे. येथे उत्तर ‘नाही’ येते. मग माहिती अपुरी धरायची का?

उत्तर : नाही, माहिती पुरेशी आहे. ठाम नकार हेही उत्तरच असते. कधी ‘होय’ आणि कधी ‘नाही’ येत असेल तरच विधान अपुरे ठरते. त्याच बेरजेवरून ४ ने विभाज्यता विचारली असती, तर मात्र ८८८ ला भाग जातो आणि ७८९ ला जात नाही.