पाइनवुड डर्बी भरवायचं काम यंदा आमच्याकडे आलंय, आधी काय बघू?

आधी वजनकाटा. कब स्काउटांच्या (स्काउटमधल्या लहान मुलांच्या) या छोट्या लाकडी खेळगाड्या इंजिनाविना उतारावरून धावतात, म्हणून ५ औंसांची (साधारण १४२ ग्रॅम) मर्यादा सगळ्यांना एकाच काट्यावर लावा. घरी बरोबर भरलेली गाडी तिथे जड निघाली की पोराचा चेहरा एवढासा होतो. शेजारी ड्रिल ठेवा. तळातून चिमूटभर भुसा निघाला तरी भागतं.

लेन कधीच सारख्या नसतात, तेव्हा प्रत्येक गाडी प्रत्येक लेनवर सोडा. एकदा हरला की बाहेर, असं अजिबात नको. डॉन मर्फींनी १९५३ साली कॅलिफोर्नियात ही शर्यत सुरू केली, ती त्यांचा मुलगा सोपबॉक्स डर्बीसाठी (मुलं स्वतः आत बसून चालवतात त्या बिनइंजिनाच्या गाड्यांच्या शर्यतीसाठी) वयाने लहान पडत होता म्हणून. पोरांना गाडी पुन्हापुन्हा पळवायची असते हो!